परदेशात गमेलान वाजवायला बसताना: पहिल्या तालमीपासून वायांगच्या रात्रीपर्यंत

शिकायला किंवा नोकरीनिमित्त इंग्लंड, अमेरिका, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला आलेल्या मराठी मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की, आपल्याच किंवा शेजारच्या शहरात जावा बेटावरून आणलेलं अख्खं गमेलान आहे आणि दर आठवड्याला तिथे तालीम भरते. काशाची ही वाद्यं म्युझियमच्या काचेआड नसतात, तुमच्याआमच्यासारखे लोक ती वाजवतात. बहुतेक हौशी गटांत नवख्यांची परीक्षा घेत नाहीत. यायचं, बसायचं आणि शिकायचं. वर्षातून एकदा-दोनदा दालांगला, म्हणजे बाहुल्या नाचवणाऱ्या सूत्रधाराला बोलावून वायांग कुलित हा चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ होतो. तेव्हा पडद्यामागे संगीत वाजवायला हाच गट बसतो.

मी इंग्लंडमधल्या अशाच एका गटात वाजवते. नवे लोक येतात तेव्हा त्यांचे प्रश्न आणि त्यांची अडखळण्याची ठिकाणं साधारण सारखीच असतात. आपल्याकडून येणारे, विशेषतः तबला किंवा पेटी शिकलेले, काही खास ठिकाणी अडखळतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

१. गट शोधा, पण जावाचा की बालीचा ते आधी विचारा

‘गमेलान’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या परंपरा आहेत. बालीचं गमेलान वेगवान आणि लखलखीत असतं. मध्य जावाचं, म्हणजे सुराकार्ता (सोलो) आणि योग्याकार्ताकडचं, संथ आणि थरांवर थर चढत जाणारं. पश्चिमेकडच्या सुंदा प्रांताचं देगुंग आणखी निराळं. तुमच्या मनात वायांग असेल तर हा फरक महत्त्वाचा आहे. बालीच्या वायांगला बहुधा गेंदेर वायांग नावाचा चार वाद्यांचा छोटा संच साथ करतो. त्यात दोन्ही हातांत वेगवेगळं काम असतं, नवख्याला तिथे लवकर जागा मिळत नाही. जावाच्या वायांगला मात्र वीसेक माणसं लागतात आणि त्यांतली काही कामं पहिल्या वर्षीही जमण्यासारखी असतात. हा लेख जावाच्या परंपरेबद्दल आहे.

शोध कुठे घ्यायचा? लंडनच्या साउथबँक सेंटरमध्ये इंडोनेशिया सरकारने १९८७ मध्ये भेट दिलेलं गमेलान आहे. यॉर्क विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. ऑक्सफर्डला आहे, ग्लासगोत ‘नागा मास’ हा गट आहे. अमेरिकेत वेस्लेयन, मिशिगन आणि यूसीएलए ही जुनी केंद्रं. न्यूयॉर्कला इंडोनेशियाच्या वाणिज्य दूतावासात संच आहे. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला आहे. तुमच्या शहराचं नाव यात नसेल तर जवळच्या विद्यापीठाच्या संगीत विभागाला आणि इंडोनेशियाच्या दूतावासाला ईमेल करा.

ईमेलमध्ये तीन गोष्टी विचारा: नवख्यांचा वर्ग कधी सुरू होतो, फी सत्राची असते की दर वेळेची, आणि या वर्षी वायांग आहे का. इंग्लंडमधले विद्यापीठांचे गट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नव्या लोकांना घेतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये विचारणं बरं. कार्यक्रम दोन आठवड्यांवर आला असताना गेलात तर कोणालाच तुमच्याकडे बघायला सवड नसते आणि ‘इथे नवख्यांना विचारत नाहीत’ असा गैरसमज करून परतणारे लोक मी पाहिलेत.

२. पहिल्या तालमीला जाताना

सोबत न्या:
- धुतलेले जाड मोजे (बूट दाराबाहेर काढावे लागतात आणि हॉलची जमीन थंड असते)
- पेन्सिल आणि छोटी वही
- पातळ उशी, गुडघे दुखत असतील तर
- कानात घालायचे बोळे. सारोन आणि पेकिंग (सारोनचाच छोटा प्रकार) या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यांवर शेजारी बसून वाजवताना आवाज चांगलाच मोठा असतो
- रेकॉर्डिंगसाठी फोन, पण आधी परवानगी घेऊन

वाद्यांवरून ओलांडून जायचं नाही, हा पहिला आणि सर्वांत कडक नियम. जागा कितीही अडचणीची असली तरी वळसा घालून जा. गमेलानला स्वतःचं नाव असतं, बरेचदा त्याआधी ‘क्याइ’ हे आदराचं संबोधन लावतात, आणि मोठ्या गोंगपुढे (टांगलेली, मध्ये फुगीर बोंड असलेली काशाची मोठी थाळी) फुलं-धूप ठेवण्याची रीत आहे. दसऱ्याला वाद्यांची पूजा करणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मांडी घालून बसण्याची सवय हाही आपला फायदा. इथले बरेच जण पहिले काही आठवडे केवळ बसण्याशीच झगडत असतात.

३. ठोका आणि दाबा

पहिल्या दिवशी बहुधा सारोन देतात. लाकडी खोक्यावर काशाच्या जाड पट्ट्या आणि हातात हातोडीसारखी लाकडी ताबुह. ठोकणं सोपं आहे. अवघड आहे ते दाबणं. पुढचा स्वर ठोकला त्याच क्षणी मागचा स्वर डाव्या हाताच्या चिमटीत पकडून बंद करायचा. आधी दाबलं तर सुरांत भोक पडतं, उशिरा दाबलं तर दोन स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. घरी टेबलावर दोन पेन्सिली ठेवून उजवा हात पुढे आणि डावा एक घर मागे असा सराव करा. तालमीला येण्यापूर्वी एवढं जमलं तर पहिला महिना वाचतो.

पेटी वाजवणाऱ्यांना एक सूचना. गमेलानचे सूर सा-रे-ग-म मध्ये बसवू नका. स्लेंद्रो ही पाच स्वरांची आणि पेलोग ही सात स्वरांची अशा दोन स्वररचना आहेत. स्लेंद्रो ऐकून पहिल्यांदा भूप किंवा दुर्गा आठवतो आणि मन लगेच त्या चौकटीत शिरतं. पण अंतरं तशी नाहीत. शिवाय दोन गमेलान संच तंतोतंत एकसारखे लावलेले नसतात, प्रत्येक संच स्वतःच्याच सुरात असतो. घरी पेटीवर पाठ करून आलेली ओळ वाद्यावर बसताच परकी वाटते. पाठ करायचं असेल तर तोंडाने आकडे गात करा.

४. आकडे वाचा आणि गोंग शेवटी येतो हे अंगात मुरवा

लेखनपद्धतीला कपातिहान म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सुराकार्तात घडली. स्वरांना आकडे: स्लेंद्रोत १ २ ३ ५ ६, पेलोगमध्ये १ ते ७. वरच्या सप्तकाला आकड्यावर टिंब, खालच्याला आकड्याखाली टिंब. भातखंडे पद्धत पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. आकड्याच्या जागी नुसतं टिंब असेल तर नवा ठोका नाही, आधीचा स्वर चालू ठेवायचा. गाताना आकड्यांची आखूड रूपं वापरतात: जी, रो, लू, पात, मा, नेम, पी. ही पहिल्याच दिवशी तोंडपाठ करा, शिक्षक याच भाषेत बोलतात. आणि स्लेंद्रोचा ३ म्हणजे पेलोगचा ३ नव्हे. बहुतेक गटांत दोन्हींची वाद्यं काटकोनात मांडलेली असतात. कागदाच्या वर काय लिहिलंय ते वाचून मगच योग्य वाद्याकडे वळा.

आता मुख्य मुद्दा, जिथे तबला शिकलेले सर्वांत जास्त चुकतात. आपण सम पहिल्या मात्रेवर मोजतो. गमेलानमध्ये चार मात्रांचा गट (गात्रा) असतो आणि त्यात वजन चौथ्या मात्रेवर असतं. आवर्तनाचा गोंगही शेवटच्या मात्रेवर पडतो. नवख्यांना पहिल्यांदा मिळणारा लांचारान हा सोळा मात्रांचा प्रकार असा (केतुक आणि केनोंग ही आडवी ठेवलेली मडक्यासारखी वाद्यं, केंपुल म्हणजे टांगलेला छोटा गोंग):

केतुक – रिकामी – केतुक – केनोंग
केतुक – केंपुल – केतुक – केनोंग
केतुक – केंपुल – केतुक – केनोंग
केतुक – केंपुल – केतुक – गोंग (केनोंगसह)

पहिल्या ओळीत केंपुल नाही, हे नीट पाहा. गोंग नुकताच वाजलेला असतो, त्याची आस ऐकू यावी म्हणून ती जागा मोकळी सोडतात. नवखा माणूस तिथे हमखास केंपुल वाजवतो.

गोंगला ‘एक’ म्हणून मोजायला लागलात की सगळी रचना एक मात्रेने सरकते. तुमचे स्वर बरोबर आणि जागा चुकीच्या, असं होतं. उपाय असा: तिहाईचा शेवटचा धा समेवर येताना जी ओढ वाटते, ती प्रत्येक ओळीला लावा. सोळापर्यंत मोजा आणि फक्त सोळाव्यावर टाळी द्या. चालताना चौथ्या पावलावर किंचित जोर द्या. आठवड्याभरात शरीर ते स्वीकारतं.

सुरुवातीचा तुकडा म्हणजे बुका. तो एकच वाद्य वाजवतं, मध्येच केंडांग (ढोल) त्यात शिरतो आणि बुका गोंगवर संपते. सारोनवाल्याने त्या गोंगनंतर सुरू करायचं. शेवटही समजून घ्या: केंडांग लय उतरवतो, शेवटचा गोंग आधी वाजतो आणि बाकीचे आपला शेवटचा स्वर त्याच्या किंचित मागून ठेवतात. सगळ्यांनी गोंगबरोबर ‘धाडकन’ संपवायचं नसतं.

५. घरी काय ऐकायचं

सुरुवात ‘कतावांग पुष्पवार्ना’ या रचनेपासून करा. जावाच्या पाकुआलामान राजवाड्यात केलेलं हे ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सुवर्ण तबकडीवर आहे. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. दोन्ही मागोमाग ऐका. केसरबाईंच्या गाण्यात तुमचे कान एका आवाजाच्या मागे जातात. पुष्पवार्नात तसं गेलात तर हरवाल, कारण तिथे पेसिंदेनचं (गायिकेचं) गाणंही अनेक धाग्यांपैकी एक धागा असतं. पहिल्या खेपेला फक्त मोठा गोंग शोधा. दुसऱ्या खेपेला केनोंग. मग केंडांग. ज्या वाद्यावर तुम्ही बसणार, ते सर्वांत शेवटी.

आपल्याकडे साथसंगत म्हटलं की मुख्य कलाकार आणि बाकीचे असा विचार येतो. इथे कोणीही एकटा पुढे येत नाही. जलद आणि छान वाजवून दाखवण्याची ऊर्मी आली तर ती आवरा. लय केंडांगची असते.

६. वायांगच्या तालमी: कागदावरून नजर उचला

वायांगची घोषणा झाली की संगीत बदलतं. मैफलीत रचना सलग वाजतात. वायांगमध्ये दालांग एखादी रचना मध्येच थांबवतो, हळू करतो, दुसऱ्या रचनेत ढकलतो. इथे आयाक-आयाकान, स्रेपेगान आणि सांपाक हे तीन प्रकार कामाला येतात. क्रमाने ते अधिक दाट होत जातात: आयाक-आयाकान तुलनेने निवांत, स्रेपेगान चालतं-धावतं, आणि सांपाक लढाईचं. हे तीन पाठ झाल्याशिवाय वायांगला बसू नका. अंधुक उजेडात कागद शोधत बसलेला माणूस इशारा चुकवतो आणि त्याच्या मागे अख्खी रांग चुकते.

इशारे कुठून येतात? दालांगच्या डाव्या बाजूला बाहुल्यांची लाकडी पेटी असते. हातातल्या चेंपाला नावाच्या लाकडी ठोकळ्याने तो तिच्यावर ठकठक करतो. दोन्ही हात बाहुल्यांत अडकलेले असतील तेव्हा पायाच्या बोटांत धरलेल्या ठोकळ्याने. पेटीवर टांगलेल्या धातूच्या पट्ट्याही तो पायाने वाजवतो. एका प्रकारची ठकठक म्हणजे सुरू करा, दुसरी म्हणजे लय वाढवा, तिसरी म्हणजे सुवुक, संपवा. नेमके ठोके दालांगागणिक थोडे बदलतात. त्यामुळे दालांग येईल त्या तालमीला काहीही करून हजर राहा आणि शक्य असेल तर फक्त ठोके रेकॉर्ड करून घ्या.

सिरेप म्हणजे दालांग बोलायला लागतो तेव्हा संगीत खाली उतरणं. त्या वेळी सारोन, बोनांग (छोट्या मडक्यांसारख्या गोंगांची रांग) अशी मोठ्या आवाजाची वाद्यं थांबतात आणि गेंदेरसारखी (पातळ पट्ट्यांचं वाद्य) मऊ वाद्यं मागे चालू राहतात. नवखा सारोनवादक इथे वाजवत राहतो आणि दालांगचा शब्द बुडतो. दुसरी गंमतीची गोष्ट सास्मिता: दालांग पुढच्या रचनेचं नाव थेट न घेता निवेदनातल्या शब्दांत सूचकपणे गुंफतो. जावानीज येत नसेल तर तो शब्द शिक्षकांकडून लिहून घ्या आणि त्याची वाट पाहा.

थोडक्यात, कानांचं काम दुप्पट होतं. माझ्या मते परदेशातल्या गटांची खरी कसोटी इथेच लागते. मैफलीत चांगले वाजवणारे अनेक गट वायांगमध्ये डळमळतात, कारण त्यांनी रचना पाठ केलेल्या असतात पण एकमेकांना ऐकायची सवय लावून घेतलेली नसते.

७. कथा वाचा, पण ‘आपलं’ महाभारत बाजूला ठेवून

कथानक बहुधा महाभारताचं किंवा रामायणाचं असतं आणि गटातले लोक हमखास तुमच्याकडे वळून विचारतात, ‘तुला तर माहीतच असेल!’ इथे सांभाळा. जावामध्ये द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची पत्नी आहे. शिखंडीची तिथे स्रिकांदी झाली आहे, पराक्रमी धनुर्धर स्त्री आणि अर्जुनाची पत्नी. भीम म्हणजे वेर्कुदारा, तो जीवनजलाच्या शोधात देवारुचीला भेटतो आणि त्या इवल्याशा देवाच्या कानातून त्याच्या आत शिरतो. सेमार, गारेंग, पेत्रुक, बागोंग हे चार सेवक संस्कृत महाभारतात नाहीतच. ढेरपोट्या सेमार खरं तर बतारा गुरूचा, म्हणजे शिवाचा, थोरला भाऊ आहे. त्याच्या बोलण्याला जावानीज प्रेक्षक जेवढा मान देतात तेवढा राजालाही देत नाहीत.

‘हे मूळ नाही’ असं म्हणू नका. भारतयुद्ध हे जुन्या जावानीजमधलं काव्य ११५७ मध्ये रचलं गेलं, ज्ञानेश्वरीच्या शंभराहून अधिक वर्षं आधी. त्यांची ही परंपरा स्वतंत्रपणे जगलेली आहे. बोलायचंच असेल तर सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलाकारांबद्दल बोला. तिथेही चामड्याच्या बाहुल्यांनी रामायण सांगतात आणि त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. इथल्या लोकांना ते ऐकायला फार आवडतं.

८. कार्यक्रमाचा दिवस

जावामध्ये वायांग रात्री नऊच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. परदेशात तो दोन-तीन तासांत आटोपशीर करतात. तरी तुमचा दिवस सकाळीच सुरू होतो, कारण वाद्यं हलवायची असतात. मोठा गोंग दोघांनी उचला, फुगीर बोंडाला धक्का लावू नका. सारोनच्या पट्ट्या काढल्या तर क्रमाने ठेवा.

दालांगच्या पुढ्यात बाहुल्या रोवायला जावामध्ये केळीचे खांब असतात. थंड देशात ते मिळत नाहीत, म्हणून जाड फोमचे ठोकळे वापरतात. ते आधी तपासा: टोकदार दांडी रोवून बाहुली सरळ उभी राहते का? तेलाच्या दिव्याऐवजी विजेचा दिवा असतो. धूप लावणार असाल तर हॉलच्या व्यवस्थापकाला आधी सांगा, नाहीतर धुराचा अलार्म वाजून अख्खी इमारत रिकामी करावी लागते.

पोशाख बहुधा गटच देतो: पुरुषांना बेस्काप (कोट), जारिक (बाटिकचं नेसूचं वस्त्र) आणि ब्लांगकोन (डोक्यावर), स्त्रियांना केबाया आणि जारिक. जारिक घट्ट नेसलं की मांडी घालता येत नाही, स्त्रिया पाय दुमडून एका बाजूला घेऊन बसतात. त्यात तासभर बसून वाजवायचा सराव घरी करा.

प्रेक्षकांना कुठे बसवायचं यावर गटात वाद होतोच. पडद्याच्या एका बाजूने सावल्या दिसतात, दुसऱ्या बाजूने रंगवलेल्या बाहुल्या, दालांग आणि वादक. जावामध्येही आज पुष्कळ लोक दालांगच्या बाजूने पाहतात. माझा आग्रह असतो की प्रेक्षकांना मध्येच उठून दोन्हीकडे फिरू द्यावं आणि तसं सुरुवातीलाच जाहीर करावं. भाषेसाठी काही दालांग इंग्रजी मिसळतात. दालांग ‘की’ पूर्बो आस्मोरो (‘की’ हे आदराचं संबोधन) यांच्या प्रयोगांत कॅथरीन एमर्सन चालू खेळात भाषांतर टाइप करून पडद्यावर दाखवतात. तुमच्या गटात हे काम कोणी करणार असेल तर त्या व्यक्तीला सर्व तालमींना बसवा. विनोद उशिरा पोचला तर मेला.

९. कागदपत्रं

विद्यार्थी व्हिसावर असाल तर मानधनाचा प्रश्न आधी सोडवा. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक कलाकार म्हणून काम करता येत नाही. गट हौशी आणि विनामोबदला असला तरी ‘प्रवासखर्च’ म्हणून पाकीट हातात येतं तेव्हा गोंधळ होतो. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाकडून लेखी उत्तर घ्या आणि जपून ठेवा. शाळांत मुलांसाठी कार्यशाळा घ्यायच्या असतील तर डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची पडताळणी, लागू शकते. तिला वेळ लागतो, लवकर विचारा.

वर्ष-दोन वर्षांनी थेट सोलोला जाऊन शिकावंसं वाटलं तर इंडोनेशिया सरकारची दर्मासिस्वा ही शिष्यवृत्ती १९७४ पासून चालू आहे. पदवी मिळत नाही, पण सुराकार्ता आणि योग्याकार्ताच्या कला संस्थांत कराविटान (गमेलान) किंवा पेदालांगान (वायांग) शिकता येतं. साधारण लागतात ते कागद असे: भरपूर मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, शेवटच्या परीक्षेचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका, वैद्यकीय प्रमाणपत्र, परिचयपत्र, शिफारसपत्र आणि का शिकायचं आहे ते सांगणारं पत्र. अटी दरवर्षी दूतावासाकडून तपासून घ्या. मराठीतल्या प्रमाणपत्रांची इंग्रजी भाषांतरं आधीच करून ठेवा. शिफारसपत्र गटाच्या शिक्षकांकडून मागताना तुम्ही कोणतं वाद्य वाजवलं, कोणत्या वायांगला बसलात, स्रेपेगान आणि सांपाक पाठ आहेत का, हे त्यांना मुद्दाम लिहायला सांगा.

परत येताना चामड्याची बाहुली घ्याल, सगळेच घेतात. ती म्हशीच्या कातड्याची आणि दांड्या बहुधा शिंगाच्या असतात. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असाल तर विमानतळावर ती जाहीर करा आणि खरेदीची पावती सामानात वरच ठेवा.